फौजदारचा चार्ट

पहिला दिवस. सकाळी ९.१०. आरएल (सलाईन) १०० मिली, कातडीखाली. दिले. सही: श. साळवे.

"डोकं धर," मी म्हणालो.

"धरलंय की."

"ते मागचे पाय आहेत, आक्का. मांजराला डोकं पुढच्या बाजूला असतं."

"मला दिसत नाही म्हणून काय शेपटीकडून धरीन व्हय? डोकंच हाय. कान लागतोय हाताला. तू तुझं बघ."

डोकंच होतं. टॉवेलात गुंडाळल्यामुळे मलाच कळलं नव्हतं. पण ते मी कबूल करणार नव्हतो. रिटायर होऊन तीन महिने झाले होते आणि कबूल करण्याची सवय मला त्याआधीही नव्हती.

टेबलावर फौजदार. चौदा वर्षांचा पिवळा बोका, एक कान फाटका, चेहरा असा की समोरचा गुन्हेगारच आहे. माझ्या विधवा बहिणीचा, आक्काचा. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. खिडकी कुठे आहे एवढं कळायचं. घरात तिला तीन गोष्टी चाचपडावं न लागता सापडायच्या: गॅसचं बटण, बायबल आणि हा बोका.

आणि मी. शमुवेल साळवे. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, मेडिसिन वॉर्डात, तेहतीस वर्षं ब्रदर. ज्या म्हाताऱ्यांच्या हातात शीर शोधून डॉक्टर घामाघूम व्हायचे, तिथे मला हाक मारायचे. आज माझ्यापुढे एक बोका होता. भिंतीवर कॅलेंडरच्या खिळ्याला सलाईनची बाटली टांगलेली होती आणि मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. हो, बोक्यासाठी.

आदल्या दिवशी आम्ही जनावरांच्या डॉक्टरणीकडे गेलो होतो. डॉ. मगदूम. वय एवढं कमी की तिच्या टेबलावरची पाटी तिच्या आईने ठेवली असावी. रक्त तपासून ती म्हणाली, "आजी, ह्याच्या किडन्या थकल्यात. अंगातलं पाणी कमी झालंय. रोज शंभर मिली सलाईन कातडीखाली द्यायचं. पाच दिवस. मग परत रक्त बघू. किडन्यांनी दाद दिली तर पुढे घरीच चालू ठेवू."

"आणि नाही दिली तर?" आक्काने विचारलं.

"तर त्याला त्रासात ठेवायचं नाही. इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं."

आक्काने मान हलवली. मग ती बया माझ्याकडे वळली. "काका, घरी कोण देणार? एकदा करून दाखवू का?"

काका!

"डॉक्टर," मी म्हणालो, "तुम्ही शाळेत जात नव्हता तेव्हापासून मी सलाईन लावतोय."

"माझा भाऊ ब्रदर हाय," आक्का म्हणाली. "लाईट गेल्यावरसुद्धा शीर काढायचा."

"अरे वा! मग काळजीच नाही. तरी सांगते, माणसापेक्षा जरा वेगळं असतंय..."

ती सांगत राहिली. मी ऐकलं नाही. तिची मदतनीस पोरगी कापसाचे बोळे उघड्या हाताने बरणीत भरत होती. मी ते बघत होतो आणि मनातल्या मनात तिला वॉर्डाबाहेर काढत होतो. निघताना डॉक्टरणीने एक छापील कागद दिला. घरी येऊन मी त्याची चौघडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. कागदाचा तेवढा उपयोग झाला.

तर सुई. दोन खांद्यांच्या मधली कातडी उचलली, सुई आत, नळीवरचं चाक सोडलं. बोक्याने हूं केलं नाही. पाणी धावू लागलं. दहा. पंधरा. वीस. आणि माझ्या डोळ्यांदेखत कातडीखाली गाठ उठली. लिंबाएवढी.

आमच्यात ह्याला आऊट म्हणतात. सलाईन आऊट जाणं म्हणजे सुई शिरेतून निसटणं; पाणी मांसात साठतं, हात फुगतो, पेशंट कण्हतो, नातेवाईक ओरडतात. आऊट गेलेलं सलाईन चालू ठेवणारा माझ्या वॉर्डात माणसात जमा नव्हता. एका शिकाऊ पोरीला मी ह्यावरून अख्ख्या वॉर्डासमोर रडवलं होतं. तिचं नाव आता आठवत नाही. तिला माझं आठवत असणार.

ही शीर नाही, कातडी आहे, हे मला कळत होतं. पण कातडीखाली मी आयुष्यभर इन्सुलिन दिलं होतं. अर्धा मिली, पाव मिली. त्याची गाठ होत नाही. इथे लिंबू होतं. हाताने विचारलंच नाही मला. चाक बंद, सुई बाहेर, कापूस दाबलेला.

"झालं?" आक्काने विचारलं.

"झालं."

खोटं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. सुई बाहेर आली की "झालं" म्हणायचं, तेहतीस वर्षांची सवय. मग बाटलीकडे बघितलं. पाचशेपैकी चारशे ऐंशी शिल्लक. चार्ट तर मी आधीच भरून ठेवला होता. वहीचं पान आखून, रकाने पाडून, लाल रेघ मारून. शंभर मिली, दिले, सही. हीही सवय. ड्युटी बदलताना बाटली आणि चार्ट जुळलेच पाहिजेत. नाही जुळले तर काय करायचं हे कुठल्या पुस्तकात नसतं आणि प्रत्येक वॉर्डात असतं.

मी बाटली मोरीत नेली आणि चाक सोडलं. चारशेवर बंद केलं.

मग गरम पाण्यात फडकं पिळून गाठ शेकली, वॉर्डात शेकतात तशी. संध्याकाळी गाठ गेलेली. माझ्या शेकानेच गेली, असं मी मान डोलावून ठरवलं.


दुसरा दिवस. सकाळी ९.०५. आरएल १०० मिली. दिले. सही: श. साळवे.

जागा बदलली. सुई बदलली.  गाठ उठायची ती उठलीच, आणि उठून खांद्यावरून खाली काखेकडे ओघळली, ओल्या कणकेचा गोळा सरकावा तशी. मी सुई काढली.

"झालं व्हय एवढ्यात?" आक्का.

"हात बसला आता."

"काल जास्त वेळ लागला होता."

"काल पहिला दिवस होता. तू काय घड्याळ लावून बसतीस का?"

"मला कुठलं घड्याळ दिसतंय बाबा."

ती स्वयंपाकघरात गेली. मी मोरीत. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला, "मोरीत काय चाललंय रे?"

"हात धुतोय!"

"धू, धू. ब्रदर माणूस."

मला राग आला. आक्कावर नाही. कंपनीवर आला, सलाईनच्या नळीचे असले सेट बनवतात म्हणून. बोक्यावर आला, असली कातडी असते म्हणून. मगदूमबाईवर तर पुरेपूर आला. शीर सोडून कातडीत सलाईन द्यायचं! ज्यांना शीर सापडत नाही त्यांनी काढलेली पद्धत. जनावर बोलत नाही म्हणून कसलीही डॉक्टरी खपते.


तिसरा दिवस. सकाळी ९.००. आरएल १०० मिली. दिले. सही: श. साळवे.

तेच.


चौथा दिवस. सकाळी ९.०० (सुई घेण्याआधीच लिहिले). आरएल १०० मिली. दिले. सही: श. साळवे.

फौजदारने खाणं सोडलं. बोंबलाचा तुकडा नाकापुढे धरला तर त्याने तोंड फिरवलं. आक्का त्याच्या अंगावरून हात फिरवत बसली होती. फासळ्या मोजल्यासारखा, एकेका बोटाने.

"शमू, काहीच उतार नाही रे."

"वेळ लागतो. शरीराला घ्यायला वेळ लागतो."

"वॉर्डात किती दिवसांनी उतार पडायचा?"

"पेशंटवर असतं ते."

"आणि ब्रदरवर?"

"काय?"

"काही नाही. ब्रदर चांगला असला की बरं असतंय, एवढंच म्हणत होते."

त्या दिवशी वीस मिलीसुद्धा गेलं नाही. उरलेलं मोरीत सोडून मी वळलो तर फौजदार उंबऱ्यावर उभा. पाय लटपटत होते. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मोरीत उतरला आणि मी ओतलेलं पाणी जिथून वाहत गेलं होतं तिथली फरशी चाटायला लागला. मी पायाने बाजूला केलं, तर परत आला.

"काय चाटतंय ते मोरीत?" आक्का बाहेरून.

"मोरीत चाटतंय हे तुला कुठून कळलं?"

"जिभेचा आवाज येतोय की."

दुपारी मी मगदूमबाईच्या दवाखान्यात फोन लावला. मदतनीस पोरीने उचलला, कापसाच्या बोळ्यांवाली. "मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत. काय अडचण आहे काका? मला सांगा, मी सांगते कसं द्यायचं ते."

मी फोन ठेवला. तेहतीस वर्षांच्या ब्रदरला ती सांगणार, सलाईन कसं द्यायचं ते!


पाचवा दिवस. सकाळी ९.००. आरएल १०० मिली. दिले. सही: श. साळवे.

त्या दिवशी मी सुई टोचलीच नाही.

आक्काने फौजदारचं डोकं धरलं. मी कातडी उचलली. सुईचं टोपणसुद्धा काढलं नाही. मनात शंभरपर्यंत आकडे मोजले आणि कातडी सोडली. उचललेली कातडी तशीच उभी राहिली, तंबूसारखी. अंगात पाणी नसलं की राहते. आक्का खालमानेने काहीतरी पुटपुटत होती, उपासनेत पुटपुटते तसं.

"झालं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. आणि बोक्याच्या पाठीवरून, जिथे सुई टोचतात तिथून, तिने एकदा तळहात फिरवला. कोरडा.

मोरीत शेवटचे शंभर. बाटली रिकामी, चार्ट भरलेला. पाचाला पाच. मॅट्रनबाईंनी बघितला असता तर नोटीस बोर्डावर लावला असता.


सहावा दिवस. दवाखाना.

मगदूमबाईने रक्ताचा कागद बघितला, मग फौजदारला, मग परत कागद.

"वाढलंय," ती म्हणाली. "क्रिएटिनिन जवळजवळ दीडपट. काका, रोज शंभर गेलं?"

मी चार्ट पुढे केला.

तिने तो हातात घेतला आणि तिचा चेहराच बदलला. "अहो, माझ्याकडे कुणी असं लिहून आणत नाही. लोक विचारलं की 'दिलं असेल बघा' म्हणतात. वेळ, माप, सही..." तिने पान मदतनीस पोरीला दाखवलं. "बघ, ह्याला म्हणतात चार्ट."

पोरीने बघितलं. मी ताठ बसलो. एवढं लाजिरवाणं ताठ मी आयुष्यात बसलो नाही, पण तेव्हा ते लाजिरवाणं आहे हे मला माहीत नव्हतं. अजून अर्धं मिनिट नव्हतं.

"फक्त एक कळत नाही," ती म्हणाली. फौजदारची कातडी चिमटीत उचलून सोडली. तंबू. "एवढं पाणी जाऊन हा अजून असा कोरडा कसा? देताना पाठीवर फुगवटा येत होता ना?"

"येत होता," मी म्हणालो. हे खरं होतं.

"मोठा? लिंबाएवढा, संत्र्याएवढा?"

"लिंबाएवढा."

"मग संत्र्याएवढा होऊन खाली काखेत उतरायचा, आणि संध्याकाळपर्यंत जिरायचा?"

मी चार्टवरच्या लाल रेघा मोजत बसलो.

"तोच तर पाणी आत गेल्याचा पुरावा," ती आक्काला समजावत होती. "तिथे पाण्याची थैली होते आणि शरीर ती हळूहळू पिऊन घेतं. म्हणजे आजी, दिलंय व्यवस्थित. द्यायचं त्यांनी दिलं. किडन्याच घेत नाहीत. अशा वेळी ताणण्यात अर्थ नसतो."

आक्काने विचारलं, "झोपवायचं?"

"मला वाटतं, हो. आजच. त्याला आता मळमळ, तोंडात फोड, सगळं होणार. चार्ट नसता तर मी म्हटलं असतं अजून पाच दिवस बघू. पण हे," तिने माझ्या लाल रेघांवर बोट ठेवलं, "हे बघून मी तुम्हाला खोटी आशा नाही देणार."

मदतनीस पोरीने संमतीचा कागद आणला. आक्काने चष्मा नसलेल्या नाकावर सवयीने हात नेला आणि खाली घेतला. फौजदार तिच्या मांडीवर होता. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ कोरडा, दाताला चिकटलेला.

"शमू," ती म्हणाली, "सहीची जागा दाखव."

तिने बोट पुढे केलं. मी ते धरलं. बँकेत, पोस्टात, रेशनच्या दुकानात तिचं बोट मीच धरून नेतो जागेवर. कागदाच्या खाली उजवीकडे एक रेघ होती. तिथून बोट चार इंच लांब असेल. मी ते दोन इंच नेलं.

हो, नेलं. थांबलो ते त्यानंतर. लोकांना ही गोष्ट सांगताना मी हे दोन इंच गाळतो. आज नऊ वर्षांनी लिहितोय, तर नीट मोजून लिहितो.

"पेन द्या," मी म्हणालो.

मगदूमबाईने आक्कासाठी आणलेलं पेन माझ्या हातात दिलं. मी चार्ट ओढून घेतला. आमच्यात चार्टवर खाडाखोड करत नाहीत. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे; बाजूला "चूक" लिहायचं आणि सही करायची. हे मी शेकडो पोरापोरींना शिकवलं होतं. स्वतः तेहतीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. तेहतीस वर्षांत मी चुकलो नव्हतो म्हणून नाही.

पहिला दिवस. रेघ. चूक. २० मिली दिले, ८० मोरीत. श. सा.
दुसरा दिवस. रेघ. चूक. २० मिली दिले, ८० मोरीत. श. सा.
तिसरा दिवस. रेघ. चूक. अंदाजे २०. बाकी मोरीत. श. सा.
चौथा दिवस. रेघ. चूक. १५. बाकी मोरीत. श. सा.
पाचवा दिवस. रेघ. चूक. सुई टोचली नाही. श. सा.

मगदूमबाई वाचत होती. मदतनीस पोरगी तिच्या खांद्यावरून वाचत होती. मी खोलीतल्या बरण्या बघत होतो. कापूस अजून उघड्या हातानेच भरत असणार ही.

"का?" डॉक्टरणीने विचारलं.

"गाठ आली की मला वाटायचं, आऊट गेलं."

"मी सांगितलं होतं की. कागदपण दिला होता."

"हो."

"फोन तरी करायचा."

"केला होता."

"मग?"

मदतनीस पोरीने माझ्याकडे बघितलं. तिला फोन आठवला असणार. ती काही बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो, आणि तेही सगळ्या वॉर्डासमोर.

मगदूमबाईने संमतीचा कागद उचलला, फाडला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. "वचन देत नाही. पाच दिवस वाया गेलेत. काका, वाया नाही, वाईट गेलेत. आता इथे माझ्यासमोर द्या. मी हात लावणार नाही."

नवी बाटली. सुई आत. वीसवर लिंबू उठलं. माझा हात चाकाकडे गेला.

"हात मागे," ती म्हणाली.

चाळीस. साठ. संत्रं झालं. ओघळून काखेत गेलं. बोका एका बाजूला उंटासारखा दिसायला लागला आणि मदतनीस पोरीला हसू आलं. शंभर. सुई काढली तशी टोचलेल्या जागेतून चार थेंब माझ्या इस्त्रीच्या शर्टवर उडाले.

"झालं," मी म्हणालो.

"आता झालं," ती म्हणाली.


सहावा दिवस, दुपार. घरी.

टेबलाखालचा कागद काढून उलगडला. चौथ्या ओळीत होतं: पाठीवर उंटाच्या वशिंडासारखा फुगवटा येईल, घाबरू नये, थांबवू नये. मी कागद खिशात ठेवला. टेबल परत डुगडुगायला लागलं.

आक्का खिडकीपाशी बसली होती. फौजदार मांडीवर. ती बोटाने पाण्याची थैली चाचपत होती. अजून किती उरली, कुठवर सरकली.

"आक्का," मी म्हणालो, "दवाखान्यात तू चकित झाली नाहीस."

"कशाला?"

"तुला माहीत होतं?"

"डोळे गेलेत रे माझे. मोरी हाय तिथंच हाय. हात धुतल्याचा आवाज आणि बाटली ओतल्याचा आवाज मला कळत नाही व्हय?"

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून."

"मग बोलायचं होतंस की! पाच दिवस बोका वाळत होता तुझा!"

"वरच्या आवाजात बोलू नको, दचकतोय तो." तिने त्याचे कान झाकले. "मला वाटलं, उद्या देईल. दुसऱ्या दिवशी पण वाटलं. रिटायर झाल्यापासनं तू लुंगी बदलत नव्हतास. ह्या पाच दिवसांत रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, नऊला हजर. इस्त्रीचा वास यायचा मला. म्हटलं, बोलले तर हे पण सोडील."



"आणि आज?" मी विचारलं. "मी पेन मागितलं नसतं तर?"

फौजदारने मान उचलली, वाटीतलं पाणी हुंगलं, परत मान टाकली. तो पुढे सात महिने जगला, हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

"तू जागा दाखवत होतास की," आक्का म्हणाली. "मी सही केली असती."


सातवा दिवस. सकाळी ९.२५. आरएल ७० मिली, कातडीखाली. बोका उधळल्याने ३० टेबलावर आणि ब्रदरच्या अंगावर. फुगवटा आला. मोरीत: काही नाही. सही: श. साळवे.